वाडीची हजेरी

शाळेच्या दारात पोलीस तुम्ही उभा केलात, साहेब. तो काही पावसानं वाहून आला नव्हता. हुकमाखाली सही तुमची, शिक्का तुमच्या कचेरीचा. कारण काय, तर शाळेचा टोल चोरीला गेला.

टोल म्हणजे काय चीज होती ते बघायला तुम्ही आला नाहीत. घाटात आगगाडीचे रूळ बदलले तेव्हा उरलेला कमरेएवढा तुकडा होता तो. शाळेची घंटा म्हणून बडवायला शाळेपुढच्या चिंचेला साखळीनं टांगलेला, आणि टांगताना दोन जाणत्या गड्यांचा घाम निघालेला. तो रूळ तुम्ही पोरांच्या कापडी पिशव्यांत हुडकायला लावलात. तेही सगळ्या पोरांच्या नाही. खालच्या गावातली पोरं सरळ आत. डोंगरावरच्या वाडीतल्या पोरांनी तेवढं दारात थांबायचं, हात वर करायचे, पिशवी उलटी करायची. चोर धरायचा असता तर गावातल्या बैलगाड्या तपासल्या असत्या. पोरांच्या पिशव्या कशाला?

टोल कुणी नेला ते आजतागायत कुणाला ठाऊक नाही, तेव्हा त्याची वाट बघत बसू नका. पण त्या पोलिसापायी वाडीनं जी मजा केली ती तुमच्या कानावर नीट आलेली दिसत नाही. तेवढी ऐका.

अठ्ठावन्न सालचा आषाढ. लावणी ऐन भरात. बायडाबाई बाजीरावाच्या खाचरात पोटरीभर चिखलात वाकलेली, पाठीवर इरलं, डाव्या हातात रोपांची मूठ. सकाळपासून वाकलेला माणूस दुपारी ताठ व्हायला गेला की कंबर ऐकत नाही. तिला दोन शिव्या द्याव्या लागतात, मग ती कशीबशी सरळ होते. वाडीतल्या बायका रांगेनं मागं मागं सरकत रोपं खोचत होत्या. बांधावर बाजीराव छत्री घेऊन उभा. शिवारातली निम्मी खाचरं त्याची, शाळेच्या कमिटीत तोच, आणि टोलाची तक्रार घेऊन तुमच्या कचेरीत आला होता तोही तोच.

तेवढ्यात बांधावरून बाया येताना दिसली. बाया म्हणजे बायडाबाईची लेक. तिसरीत होती. वाडीतली एवढ्या लांब पोचलेली पहिलीच पोरगी. शाळेची वेळ, आणि ही भिजून चिंब, पिशवीतून चिखल गळतोय.

"काय गं? शाळा सुटली?"

"न्हाई. मीच आले." बायानं पिशवीतून पाटीचे दोन तुकडे काढून दाखवले. "दारात पोलीस हुबाय. त्यानं पिशवी उलटी केली. पाटी धोंड्यावर पडली."

"काय म्हनून उलटी केली?"

"रूळ हाय का बघाया."

रांगेतल्या बायका खिदळल्या. एकीनं हातातली मूठ हवेत उडवली. "पिशवीत रूळ? मंग इंजन कुटं ठिवलंस गं बाया, परकरात?"

बायडाबाई हसली नाही. लेकीची हनुवटी वर केली तेव्हा पोरीच्या डोळ्यात पाणी नव्हतं, ते पाऊस घेऊन गेला होता. पण खालचा ओठ दातानं धरलेला होता.

"गावातली पोरं हासत व्हती," बाया म्हणाली. "मी न्हाई जायाची आता."

बाजीरावानं छत्री या हातातून त्या हातात घेतली. "न्हाई गेली तर काय आभाळ पडतंय का? बायडे, आलीच हाय पोर तर मुठी वाहू दे. कामाला हात कमी पडत्यात. शाळा निघाल्यापासनं वाडीच्या पोरांची हाडं लय नाजूक झाल्यात."

बायानं पाटीचे तुकडे बांधावर ठेवले आणि मुठी वाहायला लागली. त्या शाळेच्या भिंतीचे दगड वाडीनं डोक्यावरून वाहिले होते. बायडाबाईच्या टाळूवर चुंबळीखालचा वण अजून होता. लेकीच्या डोक्यावर तिला मुठी नको होत्या. तिला दुसरं काहीच मागायचं नव्हतं; पोरगी चौथी पास व्हावी, एवढंच.

संध्याकाळी खोपटात चूल धुमसत होती. बायडाबाईचा नवरा कान्हू पाय शेकत होता. सासरा कोंडू घोंगडी पांघरून भिंतीला टेकलेला. म्हाताऱ्याला ऐकू कमी येई, पण नको ते बरोबर ऐकू येई.

"पोलीस?" तो म्हणाला. "शाळंत पोलीस काय करतोय?"

"दारात हुबा ऱ्हातो, आज्या," बाया म्हणाली. "आदी पिशवी बघतो. मंग गुर्जी हजेरी घेत्यात."

कोंडू घोंगडीतून बाहेर आला. "काय घेत्यात?"

"हजेरी."

"पोलिसाम्होरं?"

"व्हय. त्यो दारात आन् आमी आत."

"वाडीची नावं घेत्यात?"

"घेत्यात की. तुझं नाव आलं की हजर म्हनायचं."

म्हाताऱ्यानं कपाळावर हात मारून घेतला. "लागली! कान्हू, आरं परत लागली!"

कान्हूला कळेना. पण कोंडूला वेगळं काय कळणार? इंग्रजाच्या राज्यात वाडीतल्या प्रत्येक बाप्याची हजेरी होती. सूर्य बुडाला की खाली चावडीपुढं उकिडवं बसायचं, पोलिसापुढं नाव पुकारलं की उठून "हजर सरकार" म्हणायचं. चोरी कुठंही होवो, हजेरी वाडीची. आणि हजेरीवरच्या माणसानं पाटलाच्या चिठ्ठीशिवाय शीव ओलांडायची नाही. कोंडूच्या हळदीच्या दिवशी हजेरी चुकली, तर पिवळा नवरदेव चावडीच्या खांबाला बांधलेला आणि वऱ्हाड वाडीत जेवण गार करत बसलेलं.

"ती बंद झाली की आबा कवाच," कान्हू म्हणाला.

"बंद झाली तर पोलीस कशाला आला? पोरांपसनं सुरवात केलीय. आपल्याला सांगावा पोचला न्हाई, आन् उद्या म्हनतील ह्ये फरार झाले. मी सांगतो, सकाळी समदे खाली चला. बाया-बापे समदे. आता राज्य आपलं हाय, बायकांची बी घेत असतील."

अर्ध्या रात्रीपर्यंत म्हातारा खोपटाखोपटातून सांगत फिरला. बायडाबाईला हसावं की रडावं कळेना. पण एक तिला कळलं होतं: सगळी वाडी खाली जाणार असेल तर बाया एकटी त्या दारात उभी राहणार नाही.

सकाळी हनुमंत गुरुजी शाळा उघडायला आले, तर पडवीत इरल्यांची रांग. पावसात कासवं काठावर येऊन बसावीत तशी सगळी वाडी उकिडवी बसलेली. म्हातारे पुढं, मग बापे, मग बायका. तान्ही पोरं मांडीवर. दारातला पोलीस श्रीपती काठी छातीशी धरून भिंतीला चिकटलेला. मूळचा तळेगावजवळच्या इंदुरीचा, शेतकऱ्याच्या घरातला, मिसरूड नुकती दाट होऊ लागलेली. एवढी माणसं आपल्यालाच मारायला आली आहेत असं त्याला वाटत होतं.

कोंडू उठला. गुडघे वाजले. "हजर सरकार!"

"कुठं हजर?" श्रीपतीचा आवाज चिरकला.

"हजेरीला! कोंडू, वाडीचा. ह्यो माजा ल्योक कान्हू, त्यो बी हजर. उठ की रं!"

कान्हू उठला. "हजर."

मग एकामागून एक सगळेच उठायला लागले. हजर, हजर, हजर. कुणाचं तरी तान्हं जागं होऊन रडलं, तर म्हातारा म्हणाला, "त्ये बी हजर. ल्हिवा."

गुरुजींनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. "अहो, तुमची कशाला हजेरी? ही शाळा आहे."

"व्हय, आदी चावडीत घ्यायचे, आता शाळंत. आमचं काय म्हननं न्हाई. छप्पर चांगलं हाय."

गुरुजी समजावायला लागले. पण त्यांच्या चार शब्दांत दोन शब्द तरी हजेरीच येई, आणि तो आला की पडवीतून कुणीतरी "हजर" म्हणे. शेवटी गुरुजी हसायला लागले. मागल्या वर्षी वाडीच्या घराघरांत जाऊन पोरं मागताना याच माणसांनी त्यांना दारात उभं केलं नव्हतं. आज सगळी वाडी आपण होऊन शाळेत आली होती.

"बरं," ते म्हणाले. "मला वर्ग आहे. बाया, तू घे वाडीची हजेरी."

बाया कालपासून या दाराला भीत होती. आज गुरुजींनी तिला खडू आणि त्यांची स्वतःची पाटी दिली. ती उंबऱ्यावर उभी राहिली, एका बाजूला श्रीपती, समोर सगळी वाडी.

"कोंडू!"

"हजर सरकार!" म्हातारा नातीपुढं ताड्दिशी उभा राहिला, आणि पडवी हसून हसून कलंडली.

तिकडं खाचरात बाजीराव एकटा. मुठींचे ढीग बांधावर पडलेले, चिखल तयार, लावायला माणूस नाही. ऊन असतं तर त्यानं घाम पुसला असता. पाऊस होता म्हणून नुसता ओरडत शाळेत आला.

"आरं हितं काय लग्न हाय काय? चला! रोपं पिवळी पडत्यात!"

"मालक," कोंडू हात जोडून म्हणाला, "येता येत न्हाई. तुमची खाचरं ओढ्यापल्याड. दुसऱ्या गावची शीव. हजेरीवरच्यानं शीव वलांडली की बेड्या."

"कसली शीव घेऊन बसलास म्हाताऱ्या?"

"मला इचारता? तुमच्या वडलांनीच एकदा धरून दिलावता मला. ओढ्यात खेकडं धरत हुतो. एक पाय अल्याड, एक पल्याड. म्हनले, पल्याडला पाय चोर हाय."

बाजीरावानं श्रीपतीकडं वळून बघितलं. "सांग की ह्यास्नी जायाला!"

"मला दाराचा हुकूम आहे," श्रीपती म्हणाला. "जायला सांगायचा हुकूम नाही."

बायडाबाई मान खाली घालून बसली होती. इरल्याखाली तिचे खांदे हलत होते. शेजारणीला वाटलं रडतेय. इरलं उचलून बघितलं तर तोंडात पदर कोंबलेला.

दुपारी पोरांना सुट्टी झाली. श्रीपती पायऱ्यांवर कोरडी भाकरी मोडत बसलेला बघून बायडाबाईनं त्याच्यापुढं खेकड्याच्या कालवणाचं भांडं सरकवलं. त्यानं आधी इकडंतिकडं बघितलं, मग बोटं बुडवली.

"मावशी, तुम्हाला एक सांगू? ती हजेरी वेगळी, ही वेगळी. ती सरकारनं बंद केलीय. ही नुसती पोरं आली का बघायची. तुम्ही बसायची गरज नाही."

बायडाबाईला निम्मं कळलंच होतं. आता सगळं कळलं.

"मामंजींस्नी सांगितलं का?"

"सांगत होतो, ते ऐकेनात."

"मंग नगा सांगू. म्हातारं मानूस, उगं जिवाला लागंल." मग तिनं विचारलं, "रूळ घावला का?"

श्रीपती ओशाळला. "मावशी, मला काय हौस आहे? तुमच्या लेकीची पाटी फुटली, मला झोप नाही. घरी माझी बहीण आहे एवढीच."

"मंग नगा बघू पिशव्या."

"वरून हुकूम आहे."

"हुकूम आसंल तर बघा," बायडाबाई म्हणाली आणि भांडं उचलून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पिशव्या तपासायची वेळ आली तेव्हा बायानं आपली स्वतःहून पुढं केली. श्रीपतीनं हात घातला, आणि असा उडाला की टोपी पडवीत जाऊन पडली. बोटाला ओढ्यातला भला काळा खेकडा लोंबत होता.

"घावला का रूळ?" पडवीतून कोंडूनं विचारलं.

खेकडा सोडवायला कान्हूला उठावं लागलं. श्रीपती बोट चोखत हसत होता. त्या दिवसापासून तो पिशव्यांत हात न घालता लांबूनच विचारी, "काय आहे?" आणि पोरं ओरडत, "इंजन!" "डबं!" "लोनावळ्याचं ठेसन!"

पुढं पुढं तर हजेरीला जत्रेचं रूप आलं. बायका पडवीत बसून पाट्यांवर बोटं फिरवायला लागल्या. गुरुजी आत गावातल्या आणि वाडीच्या पोरांना पाढे म्हणायला लावत, आणि बाहेरचे बापे त्यांच्या मागोमाग म्हणत. सातच्या पाढ्याला सगळे मिळून अडकत, आत आणि बाहेर. कान्हू एकदा उशिरा आला तर बायानं त्याच्या नावापुढं फुली मारली.

"अगं मी आलो की! तुजा बाप हाय मी!"

"उशिरा आलात. गैरहजर."

"श्रीपतराव, बघा वो, लेक बापाला आत टाकतीय!"

"टाकू दे," श्रीपती म्हणाला. "नियम आहे."

बायडाबाई हे सगळं बघत बसे. पोटाला कमी पडत होतं, ते खोटं कशाला सांगा; मजुरी बुडत होती, आणि नाचणीच्या भाकरीत कंदमुळं मिसळायची पाळी आली होती. पण लेक उंबऱ्यावर उभी राहून नावं पुकारी तेव्हा तिचा आवाज पार ओढ्यापर्यंत जाई. गावातली पोरं तिच्या शेजारी उभं राहायला भांडू लागली होती. आणि ओढ्यापलीकडं बाजीराव आपल्या दोन मुलांना घेऊन स्वतः चिखलात उतरला होता. जन्मात वाकलेला नव्हता. ताठ व्हायला गेला की "आई गं" म्हणून ओरडे, आणि ते ओरडणंही शाळेपर्यंत येई.

शेवटी बाजीराव पुन्हा तुमच्या कचेरीत गेला. त्याला आता शाळेतला पोलीस नको होता. चिखल उडवत जीप आली. फौजदार उतरला, बाजीराव त्याच्या मागं कमरेवर हात ठेवून वाकडा वाकडा. फौजदाराला बघून सगळी वाडी एकदम उभी राहिली.

"हजर सरकार!"

फौजदाराचा हात आपोआप टोपीकडं गेला. मग त्याला राग आला. "हा काय प्रकार आहे? तुम्हाला कुणी बोलावलं?"

"हजेरी लागली न्हवं सायेब," कोंडू म्हणाला. "चुकवली न्हाई येक दीस बी. नातीला इचारा."

"अहो बाबा, ती हजेरी गेली! इंग्रज गेला त्याच्याबरोबर गेली! स्वतंत्र झालात तुम्ही. आता कुणा मोठ्या माणसाची पोलिसापुढं हजेरी नाही."

"न्हाई?"

"नाही!"

म्हाताऱ्यानं ओढ्यापलीकडं बोट केलं. "म्हंजी मी आता कुटं बी जाऊ शकतो? तळेगावला बी?"

"जा, पुण्याला जा! मुंबईला जा!"

कोंडूनं घोंगडी झटकली. "कान्हू, आरं मोकळं झालो!" आणि तो तिथंच, चिंचेखालच्या चिखलात नाचायला लागला. गुडघे वाजत होते, म्हातारा गोल गोल फिरत होता. ज्याची हजेरी दहा वर्षांमागं संपली होती त्याला ती आज संपल्याचं कळलं होतं. मग कान्हू नाचला, मग बायका. इरली हवेत उडाली. शाळेतली पोरं, गावातलीसुद्धा, बाहेर धावली. श्रीपतीचे पाय काठीच्या तालावर हलत होते. फौजदारानं बघितलं तेव्हा थांबले.

"बास!" फौजदार ओरडला. "झालं ना समाधान? श्रीपती, जीपमधे बस. उद्यापासून इथला बंदोबस्त बंद. आणि तुम्ही सगळे कामाला जा."

"चला रं चला," बाजीराव म्हणाला. त्याचा आवाज आता विनवणीचा होता. "मजुरी वाढवून देतो. पर चला."

माणसं इरली उचलायला लागली. बायडाबाई मात्र जागची हलली नाही. ती जीपच्या पुढच्या बाजूला जाऊन उभी राहिली. बाया तिच्या शेजारी, पाटी काखेत.

"सायेब, येक इचारू?"

"आता काय राहिलं?"

"ही हजेरी मोठ्या मानसांची न्हवती म्हनता. मंग कुनाची व्हती?"

"पोरांची. नुसती पोरांची. सांगतोय ना."

"पोलिसाम्होरं?"

हसणं थांबलं. पडवीतल्या पोरांकडं सगळ्यांनी बघितलं, मग जीपकडं.

"मामंजींची लागली तवा इंग्रज व्हता," बायडाबाई म्हणाली. "त्यो म्हनायचा, तुमी जल्मापसनं चोर. त्याचं मी काय इचारत न्हाई, त्यो गेला. पन ह्या पोरीचा जल्म स्वराज्यातला हाय. हिची पिशवी उलटी करा म्हनून कुनी सांगितलं?"

"वरून हुकूम होता, बाई. मी नाही काढला. बाजूला व्हा."

"मंग चालत वर जावा आन् इचारून या." ती जीपच्या चाकापुढं उकिडवी बसली, जशी तिचा सासरा चावडीपुढं बसायचा. बाया तिच्याशेजारी बसली. मागं इरली पुन्हा पडवीत टेकल्याचा आवाज झाला. कोंडू, कान्हू, सगळी वाडी खाली बसत होती. बाजीरावानं डोक्याला हात लावला आणि तोही पायरीवर बसला, कमरेला सोसेना म्हणून.

"आमी हितंच हाय," बायडाबाई म्हणाली. "त्यास्नी इचारा, पोरांचा गुन्हा काय व्हता? जबाब घेऊन या, मंग गाडी फुडं न्या."